गळाचे शिशाचे गोळे घरी ओतायचे आहेत, पुण्यात स्वस्त भंगार शिसं कुठं बघू?

भीमेचा_गळ

नमस्कार मंडळी. राहायला धायरी, नोकरी चाकणला, आणि सुट्टी जुळली की गळ टाकायला भिगवणच्या बाजूला नाहीतर दौंडच्या खाली भीमेवर. चिलापी, रोहू, कधीमधी वांब. आम्ही बसतो तिथं तळाला काळा खडक आहे, सगळा भेगाळलेला. गोळा भेगेत गेला की परत येत नाही, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) तुटते आणि गळासकट सगळं पाण्यात. दुकानात ६० ग्रॅमचा गोळा तीस रुपयांना पडतो. मासा किलोभर आणि शिसं पाव किलो गमावलं, असा हिशोब चाललाय.

बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघितले. अमेरिकेत लोक टायरची बॅलन्सिंगची वेटं वितळवून घरी बंदुकीच्या गोळ्या ओततात. मला तसलं काही करायचं नाही, फक्त गळाचे गोळे हवेत. पण शिसं गोळा करायची त्यांची पद्धत आपल्याकडे चालेल का? पुण्यात कुठं मिळतं, भाव काय धरायचा, आणि एकाने सांगितलं की जुनी बॅटरी फोड, दहा किलो शिसं निघतं, ते खरं का? जागा म्हणून माझ्याकडे फ्लॅटची गॅलरी आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून आधीच विचारतोय.

सदाशिवपेठी

तीस रुपये वाचवायला शेगडी, कढई, साचा, हातमोजे घेणार. बरंय. ऑनलाइन पन्नासचं पाकीट मागवा आणि झोपा.

बिडाची_कढई

सदाशिवपेठीकरांचं ऐकू नका, त्यांनी पाण्यात हात बुडवलाय तो फक्त गणपतीला.

अरे भीमेचा गळ, मी भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होतो, आता निवृत्त. गळाचे गोळे स्वतःचे आणि मित्रांचे मीच ओततो. सविस्तर लिहितो.

आधी बॅटरी. तिला हात लावायचा नाही. बॅटरीत नुसतं शिसं नसतं. गंधकाचं आम्ल असतं, जाळ्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा आणि सल्फेटचा लगदा असतो, जाळीच्या मिश्रधातूत अँटिमनी, कॅल्शियम, कधी आर्सेनिक. तो लगदा घरच्या शेगडीवर वितळत नाही, नुसती विषारी धूळ आणि राख होते, आणि त्या राखेवर पाणी पडलं तर विषारी वायू सुटू शकतात. इमारतीत तू एकटा राहत नाहीस, खाली वर लोक आहेत. शिवाय बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी नोंदणी झालेल्या यंत्रणेकडेच जायला हवी. नवी घेताना जुनी दिली की दुकानदार पैसे कमी करतो, तोच तिचा खरा भाव. ती फोडून ज्याने शिसं काढलं त्याने स्वतःच्या मजुरीचे पैसे लावलेलेच नसतात, दवाखान्याचे तर लांबच.

आता कुठं मिळतं ते. सगळ्यात चांगला माल टायरवाल्याकडे. व्हील बॅलन्सिंग करणाऱ्या दुकानात मशीनच्या पायाशी एक बादली असते. जुन्या चाकावरून उपटलेली वेटं पोरं त्यात टाकतात, सोबत तुटके व्हॉल्व, रबराचे तुकडे, बिड्यांची थोटकं. दुकानाचा मालक ती बादली महिन्याकाठी भंगारवाल्याला देतो. त्याच्या आधी तू गेलास, भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त दिलेस आणि पोरांना चहा पाजलास, की बादली तुझी. मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जाऊ नकोस, तिथं गेटपासवरच दिवस जातो. सिंहगड रोडला, नाहीतर कात्रजच्या पुढं हायवेला जी छोटी दुकानं आहेत ती बघ. ट्रकचं बॅलन्सिंग करणारा मिळाला तर उत्तम, ट्रकची वेटं मोठी असतात.

पण बादलीतलं सगळं शिसं नसतं, आणि पैसे इथंच बुडतात. युरोपात गाड्यांच्या चाकांवर शिशाची वेटं २००५ पासून बंद आहेत, तेव्हापासून नव्या गाड्यांवर जस्ताची आणि लोखंडाची वेटं वाढत गेली. त्यामुळे बादली घ्यायच्या आधी मूठभर उपसून बघायची. अंगावर कोरलेलं असेल तर सोपं: पीबी म्हणजे शिसं, झेडएन म्हणजे जस्त, एफई म्हणजे लोखंड. पुसलं गेलं असेल तर कटरच्या तोंडात धरून दाब. शिशात कटर रुततो, जस्तावर घसरतो. फरशीवर टाकून बघ, शहाबादी फरशी असेल तर फारच उत्तम. शिसं पडलं की थड्ड असा मेलेला आवाज येतो, उडत नाही. जस्त खण्ण वाजतं आणि टुणकन उडतं. माझा निम्मा माल मी कानानं निवडतो. लोहचुंबकाने लोखंड कळतं, पण चुंबक क्लिपला लावू नकोस, क्लिप लोखंडाचीच असते. अंगाला लाव.

चिकटवायची वेटं येतात ना, अलॉय व्हीलच्या आतल्या बाजूला लावलेली? त्यातली शिशाची असतील ती वेगळ्या डब्यात. ती जवळजवळ शुद्ध, मऊ, नखानं ओरखडा उठेल इतकी. क्लिपवाल्यांत थोडं अँटिमनी असतं, ती जरा टणक. गळाच्या गोळ्याला दोन्ही चालतात. फक्त चिमटून तंगुसावर बसवायचे बारीक दाणे करायचे असतील तर मऊच लागतं, नाहीतर चिमटताना तडकतात. आणि ते दाणे पकडीनं दाबायचे. दातानं दाबणारे काठावर रोज दिसतात.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. कुंभारवेशीजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं कधी शिशाचे तुकडे, जुन्या टेलिफोन केबलचं शिशाचं वेष्टण मिळतं. नशिबाचा भाग. कुदळवाडीला पूर्वी एका फेरीत सगळं व्हायचं, पण २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली भंगाराची दुकानं, गोदामं पाडली आणि मंडळी पांगली. पेठांत जुना वाडा पाडत असतील तर बिडाचे मैल्याचे पाईप बघायचे. त्यांच्या सांध्यात ताग ठासून वरून शिसं ओतलेलं असायचं. एकेका सांध्यात चांगलं वजन निघतं, आणि शिसं मऊ असतं. पण ठेकेदाराला विचारून, काट्यावर वजन करून. रात्री जाऊन उपटायचं नाही.

छापखान्याचे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) कुणी दिले तर मात्र वितळवू नकोस. नारायण पेठेत, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एकेकाळी गल्लोगल्ली ट्रेडल (छपाईची जुनी यंत्रं) चालायची. ऑफसेट आल्यावर खिळ्यांच्या केसच्या केस (खणांच्या पेट्या) किलोच्या भावाने गेल्या. खिळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील भरपूर असतं, त्यामुळे ते कडक आणि ठिसूळ. झिजलेले, एकमेकांत मिसळलेले असतील तर ठीक आहे, मऊ शिशात थोडे मिसळता येतात. पण अख्खी केस, देवनागरी, जोडाक्षरांसकट हाताला लागली तर ती चिलापीसाठी खडकात घालवायची वस्तू नाही. मला कळव, मी येऊन घेऊन जातो.

भावाचं असं की एमसीएक्सवर, म्हणजे वायदेबाजारात, शिशाचा किलोचा भाव रोज निघतो. गेली काही वर्षं तो १८०च्या आगेमागे घुटमळतोय. तो मोबाईलवर बघूनच दुकानात शिरायचं. भंगार त्याच्या खालीच मिळायला हवं. आणि न निवडलेल्या वेटांना तर बरंच खाली, कारण क्लिपा, जस्त आणि लोखंड वजा जाता हातात काय राहतं तेवढ्याचेच पैसे. एखादा म्हणाला 'साहेब प्युअर आहे, दोनशे वीस', तर नमस्कार करून निघायचं. १८०नं धरलं तरी तुझ्या ६० ग्रॅमच्या गोळ्यात शिसं अकरा रुपयांचं आहे. बाकीचे एकोणीस दुकानदाराचे.

जागा: गॅलरी नाही. गावाकडे अंगण, मित्राचं शेत, उघडी जागा शोध. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे धूर पुढं जातो.

प्रयोगशाळेतली_ताई

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून दोन गोष्टी. काकांनी गॅलरीला नाही म्हटलं ते अगदी बरोबर. लोकांना वाटतं शिसं वाफेतून नाकात जातं. वितळबिंदूच्या आसपास वाफ फारशी होत नाही, वर जी राखाडी मळी येते तिची पूड खरी वाईट. ती हाताला, कपड्याला, चपलेला लागून घरात येते आणि रांगत्या-खेळत्या मुलांच्या तोंडात जाते. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं आणि मेंदूची वाढ तेव्हाच चालू असते.

ओतायचे कपडे वेगळे, वेगळे धुवायचे. चपला घराबाहेर. मुलीला उचलायच्या आधी साबणाने हात, मग आंघोळ. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, अर्थात काम पूर्ण थंड झाल्यावर. आणि एक कुणी लिहिलं नाही: तंबाखू. तळहातावर चुना-तंबाखू मळणारे लोक शिशाचं काम करतात तेव्हा तळहातावरचं शिसं थेट दाढेखाली जातं. गळ टाकताना गोळे हाताळून लगेच भेळ खाणं पण तसलंच. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी तपासणी आहे.

हळदीकुंकू_बदक

मी भिगवणला पक्षी बघायला जाते, त्यामुळे दुसरी बाजू. खडकात अडकलेलं शिसं तिथंच राहतं. बदकं, हंस दगडाचे बारीक खडे गिळतात, पोटात दाणे दळायला. त्यात शिशाचा दाणा गेला की पक्षी हळूहळू मरतो. इंग्लंडमध्ये हंस असे मरायला लागले म्हणून १९८७ पासून बारीक वजनं, २८ ग्रॅमपर्यंतची, शिशाची विकायला बंदी आहे. तुम्ही दर सुट्टीला पाव किलो शिसं उजनीत सोडणार आणि वर ते स्वस्त कसं मिळेल ते विचारणार, हे मला पटत नाही. दगड बांधा की. उजनीच्या काठी दगडाला काय तोटा?

बिडाची_कढई

बदकताई, रागावू नका, तुमचं म्हणणं निम्मं मान्य. बारीक दाणे मी पण सोडून दिलेत. दगडाचं मात्र गणित बसत नाही. आपला काळा पत्थर पाण्याच्या तिप्पट जड धरा, म्हणजे पाण्यात बुडल्यावर त्याचं एक तृतीयांश वजन जातं. ६० ग्रॅमचा दगड खाली चाळीसच ग्रॅमचं काम करतो, आणि फेकताना वारा खातो. शिशाचं जेमतेम अकरावा हिस्सा जातं. मधला मार्ग लोखंडी नट. एम १६चा नट तेहतीस ग्रॅमच्या आसपास, एम २०चा साठच्या पुढं. बोहरी आळीत किलोवर मिळतात, भंगारात तर फुकटासारखे. पाण्यात आठवा हिस्सा वजन कमी होतं, चालतंय. नट मुख्य तंगुसाला बांधायचा नाही. बारीक, कमी ताकदीच्या तंगुसाची वेगळी शेपटी काढून तिला बांधायचा. अडकला की शेपटी तुटते, गळ आणि मासा वर येतो. भीमेच्या त्या खडकात मी नटच वापरतो. शिसं ठेवलंय ते वाळूच्या तळासाठी, जिथं ते परत हाताशी येतं.

भीमेचा_गळ

शेपटीची युक्ती जबरदस्त, येत्या रविवारीच करून बघतो. ताई, मी तंबाखू खात नाही पण माझा मावसभाऊ खातो आणि ओतायला तोच येणार आहे, त्याला हे वाचायला लावलं. जागा त्याच्याच शेतावर, यवतला.

काका, खडकासाठी नट, वाळूसाठी थोडे शिशाचे गोळे, असं ठरवलं. एका टायरवाल्याशी बोललो, बादली देतोय. आता साचा आणि ओतणं जरा नीट सांगा ना. आणि मावसभाऊ विचारतोय, त्याच्याकडच्या छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी त्याच शिशात चार गोळ्या ओतल्या तर?

बिडाची_कढई

मावसभावाला सांग, नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. अमेरिकेतला व्हिडिओ अमेरिकेतल्या कायद्यावर चालतो. यवतचं पोलीस ठाणं व्हिडिओ बघत नाही.

आता ओतणं. भांडं लोखंडी किंवा बिडाचं, जाड. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, तापून मऊ पडतं आणि आत पाच किलो रस असताना बूड गेलं तर पाय गेला. कढई, पळी, झारा एकदा शिशाला वापरले की जन्मभर शिशाचेच. मावशीला दाखवून ठेव आणि लाल रंगाचा पट्टा मार, नाहीतर घासून परत स्वयंपाकघरात जातील.

वेटं थंड कढईतच भरायची आणि मग खाली आच लावायची. वितळलेल्या रसात वरून वेट टाकायचं नाही. बादलीतल्या वेटाला कुठंतरी ओल असतेच, आणि पाण्याची वाफ झाली की जागा सतराशे पट लागते. थेंबभर पाण्यानं कढईतला रस तोंडावर येतो. बाटली, बादली, ओलं फडकं जवळ ठेवायचं नाही. पावसाळ्यात तर हे काम काढूच नकोस. चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट. नायलॉनची ट्रॅक पँट घालून येणाऱ्याला परत पाठव.

शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ला. या दोन आकड्यांच्या मध्ये राहिलास की चुकून आलेलं जस्ताचं वेट न वितळता वर तरंगतं, क्लिपाही तरंगतात. झाऱ्यानं लगेच उचलून टाकायचं. आच मोठी करून गप्पा मारत बसलास तर जस्त आत विरघळतं, मग रस लापशीसारखा होतो आणि साच्यात नीट उतरत नाही. ती कढई वायाच. शक्य असेल तर रसात बुडवायचा थर्मोकपल (तापमान मोजायचा) घे. लांबून तापमान मोजायची ती बंदूक चकचकीत पृष्ठभागावर खोटं सांगते.

क्लिपा काढल्या की मेणबत्तीचा तुकडा टाक आणि ढवळ. धूर होतो, भडका उडतो, मागं सरून उभा राहा. मेणानं वरचं काही ऑक्साइड परत शिशात जातं आणि कचरा सुटा होऊन वर येतो. ती मळी काढून झाकणाच्या डब्यात बंद कर. शेतात, विहिरीजवळ फेकायची नाही. डबा भरला की भंगारवाल्याला शिशाबरोबर दे.

स्वच्छ रस आधी जुन्या बिडाच्या अप्पेपात्रात ओतून वड्या पाड. पात्र आधी तापवून कोरडं. पुढच्या वेळी हवं तेवढ्या वड्याच घ्यायच्या, सगळा घाणेरडा खेळ परत करायचा नाही.

साच्याला प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त. दुकानातला एक गोळा नमुना म्हणून घे. लाकडी चौकटीत अर्ध्यापर्यंत प्लास्टर, त्यात गोळा अर्धा बुडव, घट्ट झालं की वर ग्रीसचा हात फिरव आणि दुसरा अर्धा ओत. ओतायची वाट आणि हवा जायची बारीक वाट कोरून काढ. पण वाळवण्यात घाई नको. वरून खडखडीत दिसलं तरी आत पाणी असतं. आधी उन्हात, मग शेगडीशेजारी मंद आचेवर, आणि त्यावर आरसा धर. आरशावर दव येतंय तोवर त्यात शिसं ओतायचं नाही. नंतर मेणबत्तीची काजळी आतून धर, गोळा सुटा येतो. पहिले दोन-चार गोळे सुरकुतलेले निघतील, साचा थंड असतो म्हणून. ते परत कढईत. साचा तापला की गुळगुळीत यायला लागतात. वीस मिलिमीटर व्यासाचा गोळा ४७ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिसापर्यंतच भरला तर समज की जस्त ओतलंयस.

कडीला पितळेची तार वापर, दीड मिलिमीटरची. साच्यात आधी ठेवायची, रसात जाणारी टोकं बाहेरच्या बाजूला वळवून, नाहीतर मोठा मासा लागला की कडी निसटून हातात येते. लोखंडी तार दोन महिन्यांत गंजून तंगूस कापते.